वस्तऱ्याचं पातं घासताना आधी पाठ बघा

शिरपूरकडच्या एका तरुण कारागिराचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘भंगारातल्या बेअरिंगच्या पोलादापासून तीन वस्तरे केले. १५० मिमीच्या चाकावर दोन्ही अंगांनी खोलगट घासले. पहिल्याचं टोक निळं पडलं. दुसऱ्याच्या पात्यावर लाटा उमटल्या. तिसरा दिसायला झकास झाला, पण दगडावर घेतला की टाचेला (मुठीकडच्या बाजूला) आणि टोकाला रुंद पट्टी पडते, मधे दगड लागतच नाही. मोठा बेल्ट ग्राइंडर घेऊ का? की माझा हातच चुकतोय?’

ग्राइंडर घेऊ नका, निदान आता तरी. तुमच्या तिन्ही वस्तऱ्यांच्या चुका वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांचं मूळ मशीनच्या आकारात नसावं. त्या महागड्या मशीनवरही तशाच होतील, फक्त लवकर होतील.

माझे वडील चोपडा तालुक्यात तीन-चार गावांत धोपटी घेऊन फिरायचे. सायकलच्या हँडलला पट्टा बांधलेला, पिशवीत दोन वस्तरे आणि एक झिजून मधे दबलेला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. मी आयटीआयला मशिनिस्ट ग्राइंडरचा ट्रेड केला आणि बावीस वर्षं टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडर चालवला. पण वस्तऱ्याबद्दल जे मूळ आहे ते वडिलांनी ओट्यावर बसून सांगितलं होतं: ‘भाऊ, धार पाठमा ऱ्हास.’ धार पाठीत असते. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. व्हर्निअर हातात आल्यावर त्यातलं गणित दिसलं.

सुरीला किंवा कोयत्याला धार लावताना कोन आपण हाताने धरतो. केळीचं पान कापायच्या कोयत्याला आज थोडा जास्त कोन दिला, उद्या थोडा कमी, तरी चालतं. वस्तरा मात्र दगडावर सपाट झोपवायचा असतो. त्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, आणि त्याची धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती, हे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी या दोन मापांनी कायमचं ठरून जातं. त्यात नंतर हाताने फरक करता येत नाही. आपण चाकावर जे करतो ते या दोन मापांच्या मधलं पोलाद काढण्याचं काम आहे. मापंच चुकली असतील तर घासणी कितीही देखणी होवो, वस्तरा दाढी करणार नाही.

वस्तऱ्याची रुंदी आपल्याकडे सुतात सांगतात आणि परदेशातही तो इंचाच्या आठव्या भागातच मोजतात, त्यामुळे हिशेब जुळतो. पाच सूत म्हणजे साधारण १६ मिमी, सहा सूत म्हणजे १९ मिमी, सात सूत म्हणजे २२ मिमी. पहिल्या वस्तऱ्यांसाठी सहा सूत घ्या. त्याला पाठ ५.३ मिमी ठेवली तर दोन्ही बाजू मिळून कोन १६ अंशांच्या आसपास येतो. १५ ते १७ अंशांत राहिलात तर उत्तम. पाठ ६.५ मिमी राहिली तर कोन १९-२० अंशांवर जातो आणि वस्तरा केस ओढायला लागतो. ४.३ मिमीपर्यंत उतरली तर कोन १३ अंशांवर येतो आणि धार दुसऱ्या-तिसऱ्या दाढीतच चुरमडते. साधारण रुंदीच्या चौथ्या भागाहून पाठ जरा जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तुम्ही तिन्ही वस्तऱ्यांची रुंदी आणि पाठीची जाडी कळवलेली नाही. हे उत्तर वाचून झालं की पहिलं काम ते करा: टाच, मध्य आणि टोक, तीन ठिकाणी मोजा आणि पात्यावरच पेनने लिहा.

आता चाकाचा व्यास. इथेही हाताच्या सफाईआधी हिशेब येतो. सहा सुती पात्यावर, पाठीजवळची दोन मिमी जागा सोडून, १७ मिमी रुंदीत खोलगट घास घेतला असं धरा. २५० मिमीचं चाक दर बाजूला जेमतेम ०.३ मिमी खोल जातं, त्यामुळे पात्याच्या मध्यावर सुमारे १.८ मिमी पोलाद उरतं. १५० मिमीच्या चाकाने तिथे १.४ मिमी उरतं. १०० मिमीच्या चाकाने ०.९ आणि ८० मिमीच्या चाकाने जेमतेम अर्धा मिमी. म्हणजे चाक लहान होतं तसं पातं झपाट्याने पातळ होतं. जर्मनीतल्या सोलिंगनचे जे वस्तरे नखाने छेडले की तारेसारखे वाजतात, ते अशा लहान चाकांवर केलेले असतात. पातं दोन चाकांच्या मधे धरून दोन्ही बाजू एकदम घासण्याची रीतही त्यांचीच. ते काम बघून आपल्यालाही तसा वाजणारा वस्तरा करावासा वाटतो, मलाही वाटायचा. पण पहिले दहा वस्तरे १५० किंवा २०० मिमीच्या चाकावरच करा. मध्यावर दीड मिमीच्या आसपास पोलाद असलं की पातं चाकाखाली थरथरत नाही, उष्णता झेलतं, आणि चूक झाली तर दुरुस्तीला मटेरियल शिल्लक असतं. तुमचं १५० मिमीचं चाक या कामाला अगदी योग्य आहे. एक लक्षात ठेवा, दगडी चाक झिजतं. १५०चं चाक १२० वर आलं की त्याच हाताने घेतलेला घास जास्त खोल जातो. रबरी चाकावर पट्टा चढवून घासत असाल तर ही अडचण नाही.

पोलादाबद्दल थोडं, कारण तुम्ही भंगारातलं बेअरिंग वापरताय. बेअरिंगचं पोलाद, बाजारात ज्याला ईएन ३१ म्हणतात, वस्तऱ्याला फार चांगलं: कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि जोडीला क्रोमियम. पण मोठ्या बेअरिंगच्या, विशेषतः टेपर रोलरच्या रिंगा कधी कधी फक्त वरच्या थरात कडक केलेल्या असतात, आत मऊ पोलाद असतं. तसली रिंग घडवून घासली की धार बरोबर त्या मऊ भागात येते. शिवाय या पोलादाला ८३० ते ८४५ अंशांपर्यंत नीट तापवून काही मिनिटं तिथेच धरावं लागतं. लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की लगेच तेलात, हा साध्या भट्टीवरचा हिशेब त्याला पुरत नाही, कारण चुंबक ७७० अंशांच्या आसपासच सुटतं. तुमच्याकडे तापमान दाखवणारी भट्टी नसेल तर जुनी चांगली कानस घ्या किंवा ओएचएनएसची (तेलात कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाची) नवी पट्टी आणा. ट्रॅक्टरच्या पाट्याचं पोलाद कोयत्याला, कुऱ्हाडीला सोन्यासारखं आहे, पण त्यात कार्बन ०.६ टक्क्याच्या आतबाहेर असतो. वस्तऱ्याची बारीक धार त्यावर टिकत नाही.

घासणीचा पहिला टप्पा पाणी देण्याआधीचा, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधीचा, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. घडाई झाल्यावर पातं सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर ठेवून बघा, डुलतं का. मग पाठीच्या दोन्ही बाजू आणि शेपटाच्या (टाचेमागच्या, हातात धरायच्या अरुंद भागाच्या) दोन्ही बाजू कानशीने, नंतर काचेवर चिकटवलेल्या १२० च्या पॉलिश पेपरवर एका पातळीत आणा. पाठ टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी जाड असली पाहिजे. दोन टोकांत एक दशांश मिमीचा फरक मी चालवून घेतो, त्यापुढे नाही. पाठ एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक असेल तर पातं दगडावर डुलतं आणि जाड बाजूची पाठ तेवढी झिजत जाते. मी चाकाला हात लावण्याआधी पाठीवर निम्मा दिवस घालवतो. वस्तऱ्याच्या कामातला हाच निम्मा दिवस नव्या माणसाला फुकट गेल्यासारखा वाटतो.

पाठ झाली की धारेच्या बाजूवर मध्यरेषा ओढा. त्याला एक सोपी युक्ती आहे. तिथे पातं जेवढं जाड आहे तेवढ्याच व्यासाचं ड्रिल घ्या, पातं आणि ड्रिल दोन्ही काचेवर आडवे ठेवा आणि ड्रिलच्या टोकाने धारेच्या कडेवर रेघ मारा. पातं उलटवून पुन्हा मारा. माप तंतोतंत नसेल तर एकाऐवजी दोन जवळजवळच्या रेघा येतील, खरा मध्य त्या दोघींच्या मधे. रेघ दिसावी म्हणून टूलरूममध्ये निळा रंग लावतात. मी मोरचूद वापरतो. शेतकरी बोर्डो मिश्रणासाठी आणतात तेच, कृषी केंद्रात मिळतं. चिमूटभर मोरचूद चमचाभर पाण्यात विरघळवा, कापसाच्या बोळ्याने स्वच्छ घासलेल्या, तेलकटपणा नसलेल्या पोलादावर फिरवा. डोळ्यांदेखत तांब्याचा लालसर थर चढतो. त्यावर मारलेली रेघ पांढरी झळकते आणि ठिणग्यांच्या उजेडातही हरवत नाही. पेनची शाई पाण्याने आणि बोटांनी पुसली जाते, तांबं जात नाही.

या टप्प्यावर दोन्ही बाजूंनी साधारण दोन-तृतीयांश पोलाद काढा आणि धारेच्या कडेला एक ते सव्वा मिमी जाडी शिल्लक ठेवा. एका बाजूला चार फेऱ्या मारल्या की दुसऱ्या बाजूला चारच. पाणी देण्याआधी एक बाजू जास्त खाल्ली गेली असेल तर तेलात पातं हमखास वाकतं, कारण दोन बाजू सारख्या वेगाने निवत नाहीत. कडेला एक मिमीपेक्षा कमी ठेवलं तरी ते वाकतं, किंवा कडेला लाट येते. तुमच्या तिसऱ्या वस्तऱ्याचं दुखणं बहुधा इथलं आहे, त्याकडे पुढे येतो.

पाणी देण्याचा विषय स्वतंत्र आहे, म्हणून आपल्या भागापुरती एकच गोष्ट सांगतो. तेल ५० ते ६० अंश गरम असावं लागतं, थंड तेल जाडसर असतं आणि पात्याभोवती नीट फिरत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं तेल नुसतं हवेनेच चाळिशी गाठतं, थोडं तापवलं की झालं. तोच माणूस डिसेंबरच्या पहाटे त्याच डब्यात पातं बुडवतो आणि यंदा पोलाद खराब आलं म्हणतो. तेलात थर्मामीटर घाला. तेलातून काढलं की पातं हाताला सोसेल इतकं निवल्यावर लगेच १८० ते १९० अंशांवर तासभर भाजा, निवू द्या, पुन्हा तासभर भाजा. कडकपणा रॉकवेल मापावर ६०-६१ च्या आसपास राहतो आणि ठिसूळपणा जातो.

आता खरी घासणी. कडक झालेल्या पात्याच्या कडेची जाडी सव्वा मिमीवरून ०.१५ मिमीवर आणायची आहे, आणि हे करताना पोलाद १८० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. एवढंच काम आहे आणि सगळी कारागिरी यात आहे.

तुमची मोटर २,८०० फेऱ्यांची असेल तर १५० मिमीच्या चाकाची कड सेकंदाला २२ मीटर धावते. कच्च्या पोलादाला ते ठीक. कडक पात्याला तो वेग फार होतो. १,४४० फेऱ्यांची मोटर लावली तर वेग ११ मीटरवर येतो, आणि तुमच्या तक्रारींपैकी एक तेवढ्यानेच निम्मी होईल. पट्टा असेल तर नवा वापरा. गुळगुळीत झालेला पट्टा पोलाद कापत नाही, चोळतो, आणि चोळल्याने उष्णता होते. पट्टा झिजला की माणूस नकळत दाब वाढवतो, तिथेच पातं जळतं. दगडी चाक असेल तर डायमंड ड्रेसरने (चाकाचं तोंड सोलणाऱ्या हिऱ्याच्या हत्याराने) वरचेवर उघडत राहा. चाक नीट गोल नसेल तर ते पात्यावर ठोके मारतं. तुमच्या दुसऱ्या वस्तऱ्यावरच्या लाटा एकसारख्या अंतरावर असतील तर कारण चाक किंवा पट्ट्याचा जोड आहे. वेड्यावाकड्या अंतरावर असतील तर कारण तुमचा अंगठा.

अंगठ्याचं सांगतो. पातं चाकावर धरल्यावर मागून अंगठ्याने दाबायची सवय बहुतेकांना असते. अंगठा जिथे असतो तिथे पातं जास्त खातं, आणि तो सरकताना थांबत थांबत सरकतो. म्हणून दाब शेपटाच्या हाताने द्यायचा, अंगठा फक्त सोबतीला. कोपर बरगडीला टेकवा, पाय थोडे फाकवा आणि हात न हलवता कमरेतून सगळं अंग डावीकडून उजवीकडे न्या. विळ्याने ज्वारी कापणारी बाई जशी नुसत्या मनगटाने कापत नाही, अख्खी वाकून सरकते, तसं. एक फेरी तीन-चार सेकंदांची, टाचेपासून टोकापर्यंत, वेग शेवटपर्यंत तोच. टोकाशी येऊन हात थबकला की टोक गेलं. टोकाला पोलाद कमी, उष्णता जायला पुढे जागा नाही, आणि नेमकं तिथे आपण दिशा बदलायला क्षणभर थांबतो. तुमचं पहिलं टोक निळं पडलं ते असंच. चाकाची अर्धी रुंदी टोकाबाहेर गेली की पातं चालत्या हातानेच उचलून घ्यायचं, टोकावर थांबून उचलायचं नाही.

हातमोजे घालू नका. ते चाकात ओढले जातात, आणि उघडी बोटं हेच तुमचं तापमापक आहे. त्याहून भरवशाची खूण पाण्याची. दर फेरीनंतर पातं पाण्यात बुडवा आणि पुढच्या फेरीला पाठीवर पाण्याचे थेंब तसेच राहू द्या. थेंब शांत आहे तोवर काम चालू. थेंबाच्या कडा आकसून तो सरकायला लागला की पातं ताबडतोब पाण्यात. चुर्रर्र आवाज आला तर उशीर झालेला असतो. धार अर्ध्या मिमीच्या खाली आली की एका बुडवणीत एकच फेरी, दोन नाहीत. पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत उन्हात ठेवू नका, उन्हाळ्यात ते दुपारी कढत होतं. मी चाकाशेजारी जमिनीत निम्मा पुरलेला जुना रांजण ठेवला आहे. त्यातलं पाणी मे महिन्यातही गार असतं.

धार वर धरावी की खाली? सुरुवातीला वर, म्हणजे चाक धारेकडून पाठीकडे धावतं आणि मध्यरेषा डोळ्यांसमोर राहते. धार अर्ध्या मिमीच्या आत आली की पातं उलटं करा, धार खाली. पातळ धार चाकाच्या तोंडावर धरली तर ती पट्ट्यात घुसते, पट्टा चिरतो आणि पातं हातातून सुटतं. पट्ट्याचा दाणा आधी ६०, मग १२०, मग २२०, शेवटी ४००. १२० वर येईपर्यंत आकार पूर्ण झालेला हवा, त्यापुढचे पट्टे फक्त आधीच्या रेघा काढायला.

रंगाबद्दल एक गोष्ट माझ्या हातून झालेली सांगतो, कारण ती लपवली तर उत्तर अपुरं राहील. मी पहिल्यांदा वडिलांना स्वतः केलेला वस्तरा दिला तेव्हा त्याच्या टोकाकडे करड्याच्या दाण्याएवढा तपकिरी-निळा डाग पडला होता. मी तो ४०० च्या पट्ट्यावर घासून चकचकीत केला, दिसेनासा झाला. वडिलांनी तो वस्तरा एका शेतकऱ्याच्या दाढीला घेतला. गालावर ठीक चालला. हनुवटीखाली टोकाने वळण घेताना तिसऱ्याच ओढीला धार दुमडली आणि त्या माणसाच्या गळ्यावर रक्ताची बारीक रेघ आली. वडिलांनी तुरटी लावली, वस्तरा पुसला, मिटला आणि माझ्या हातात दिला. काही बोलले नाहीत. मी घरी येऊन ते टोक भिंगाखाली पाहिलं, तेवढीच जागा वळली होती.

पोलाद हवेत तापताना आधी फिकट गवती रंग येतो, तो २०० अंशांच्या जरा वर. मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. पातं १८० वर भाजलं असेल तर गवती रंग दिसणं म्हणजेच हद्द ओलांडणं. निळ्या जागी कडकपणा ६१ वरून ५६-५७ वर आलेला असतो. रंग हा पृष्ठभागावरचा पातळ थर आहे, तो घासून जातो. मऊपणा आत आहे, तो राहतो. शंका असेल तर पातं पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये काही सेकंद बुडवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जळालेली जागा आजूबाजूपेक्षा काळपट उठून दिसते. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, नाहीतर गंज धरतो.

कुठे थांबायचं, हे व्हर्निअर नीट सांगत नाही, कारण इतक्या बारीक कडेवर त्याचा जबडा घसरतो. नख सांगतं. डाव्या अंगठ्याचं नख वर करा, पात्याची धार त्यावर जवळजवळ आडवी ठेवा आणि हलकं दाबून टाचेपासून टोकाकडे सरकवा. धार पुरेशी पातळ झाली असेल तर नखाच्या वर धारेत बारीकशी लवचिक फुगी येते आणि नखाबरोबर पुढे पुढे सरकते, उजेडात ती स्पष्ट दिसते. जिथे फुगी येत नाही तिथे पातं अजून जाड आहे. सगळीकडे सारखी फुगी आली की चाक बंद. तेव्हा कडेची जाडी दीड दशांश मिमीच्या आसपास असते, आणि १६ अंशांच्या कोनात तिची दगडावरची पट्टी अर्ध्या मिमीएवढी पडते. तीच आपल्याला हवी असते. ही परीक्षा दगड लावण्याआधीच्या बोथट कडेवर करायची, धार लावलेल्या वस्तऱ्यावर नाही.

पुढचं दगडकाम सगळ्यांना माहीत असतं: १०००, ४०००, ८००० दाण्याचे दगड, शेवटी चामडी पट्टा. १००० वर पट्टी टाचेपासून टोकापर्यंत अखंड झाल्याशिवाय पुढचा दगड हातात घेऊ नका.

आता तुमच्या तिसऱ्या वस्तऱ्याकडे. पाठीवर आणि धारेवर मार्करची शाई लावा, सपाट केलेल्या दगडावर एकच ओढ घ्या, शाई कुठे गेली ते बघा. मग पातं उलटवून दुसरी बाजू. एका बाजूला मधे दगड लागत नाही आणि दुसऱ्या बाजूला फक्त मधेच लागतो, असं असेल तर पातं वाकलं आहे. कडक पातं थंड असताना हाताने सरळ करायला गेलात तर मोडेल. ते सरळ जाड पट्टीवर, मधे पत्र्याचा तुकडा घालून, वाकाच्या उलट दिशेला किंचित जास्त ताणून शिकंज्यात आवळा आणि शिकंज्यासकट भट्टीत १८० अंशांवर तासभर ठेवा. निवल्यावर सोडा, मोजा, पुन्हा करा. मला कधी तीन वेळा करावं लागतं.

दोन्ही बाजूंना मधेच दगड लागत नसेल तर पातं सरळ आहे, पण धारेची ओळ मधे आत गेली आहे. सरळ पट्टी धारेला लावून उजेडासमोर धरा, फट दिसेल. मधे जास्त वेळ चाक लागल्याने असं होतं. मग पातं दगडावर उभं धरून, धार खाली करून, ओळ सरळ होईपर्यंत ओढा. मधे केसभर पोट आलं तरी हरकत नाही, उलट दगडावर ते सोयीचं पडतं. त्यानंतर कड जाड होईल, ती पुन्हा चाकावर थेंब सांभाळत उतरवा. रुंदी कमी झाल्याने कोन किती वाढला तेही मोजा. १७ अंशांच्या वर गेला असेल तर पाठ थोडी उतरवावी लागेल.

सुरक्षेचं मी शेवटी लिहितोय, पण करायचं सगळ्यात आधी. १९व्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात पाती घासणारे कारागीर दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन तरुणपणीच मरत. त्या आजाराला तिथे घासणाऱ्यांचा दमा असंच नाव पडलं होतं. एन ९५ मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय चाक सुरू करू नका, रुमाल बांधून भागत नाही. नवं दगडी चाक बसवण्याआधी दोरीला टांगून लाकडाने हलकं ठोका, खणखणीत नाद आला तर वापरा, बद्द आवाज आला तर त्याला तडा आहे. आणि आपल्याकडे ज्या शेडमध्ये ग्राइंडर असतो तिथेच बऱ्याचदा कापसाचे गठ्ठे किंवा सरकी ठेवलेली असते. ठिणगी कापसात पडली की तासभर आतल्या आत धुमसते आणि माणूस घरी गेल्यावर पेटते. ग्राइंडर तिथून हलवा.

पहिल्या वस्तऱ्याचं टोक निळ्या रंगाच्या दोन मिमी अलीकडपर्यंत घासून काढा आणि चौकोनी टोकाऐवजी गोल टोक करा. रुंदी जात नाही, पातं वाचतं, आणि गोल टोकाचा वस्तरा नव्या हाताला बराही पडतो. दुसऱ्याच्या लाटांमधलं अंतर मोजून कळवा, आणि तिसऱ्याचे शाई लावलेले दोन्ही बाजूंचे फोटो, पाठीची तीन मापं लिहून.